नदी खाली, गाव वर

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठेही सहलीला न्या, तो आधी पाणी बघतो. किती वाहतंय, कुठून येतंय, वाटेत कोण उचलतंय. आग्र्याला गेलो होतो तेव्हा मी ताजमहालाकडे पाठ करून यमुना बघत बसलो होतो, हे बायको अजूनही पाहुण्यांना सांगते. त्यामुळे भाचीचा फोन आला, "मामा, स्पीतीला चाललेय, संगमापासून उगमापर्यंत, येता का?" तेव्हा गुडघ्यांना न विचारता मी हो म्हणून टाकलं. ती पुण्यात भूगर्भशास्त्र शिकते. तिला खडक बघायचे होते, मला नदी. गाडी एकच असल्यामुळे सात दिवस दोघांनीही एकमेकांचं ऐकून घेतलं.

हिमाचल प्रदेशातली स्पीती नदी कुंझुम खिंडीच्या पायथ्याशी सुरू होते आणि दीडशेएक किलोमीटर आग्नेयेकडे जाऊन किन्नौरमध्ये खाब इथे सतलजला मिळते. तिथली माणसं नदीला आणि मुलखालाही 'पिती' म्हणतात. लाहौल-स्पीती जिल्ह्याचं क्षेत्रफळ १३,८४१ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या धुळे जिल्ह्याच्या जवळजवळ दुप्पट. २०११च्या जनगणनेत धुळ्यात वीस लाखांवर माणसं मोजली गेली, तिकडे ३१,५६४. चौरस किलोमीटरमागे दोन. त्यातलीही जास्त लाहौलमध्ये. स्पीतीच्या वाट्याला बारा हजारांच्या आसपास. एवढी तर आमच्याकडे यात्रेला एका दुपारी जमतात.

बरेच लोक मनालीकडून जातात. आम्ही सप्टेंबरच्या उत्तरार्धात सिमल्याकडून गेलो. त्याचं कारण सरळ आहे. मनालीकडून गेलं की पहिल्याच दिवशी साडेचार हजार मीटरची खिंड ओलांडावी लागते आणि डोकं धरून बसायची वेळ येते. नदीच्या तोंडातून शिरलं की उंची हप्त्याहप्त्याने वाढते. सिमला ते रेकाँग पिओ या टप्प्याबद्दल लिहीत नाही. कंबर दुखली, एवढंच.

दिवस पहिला : रेकाँग पिओ ते नाको

सतलजच्या कडेकडेने पूह मागे टाकलं आणि दुपारी खाबच्या पुलावर पोचलो. संगम म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर घाट, देऊळ, नारळ असं काहीतरी येतं. इथे एक लोखंडी पूल, पताकांच्या माळा आणि चहूबाजूंनी नुसता दगड. झाड नाही, वस्ती नाही. उजवीकडून तिबेटातून शिपकी ला खिंडीजवळून आलेली सतलज, त्या दिवशी अगदी गढूळ, आमच्या तापीच्या पहिल्या पुरासारखी. डावीकडून स्पीती, राखाडी. दोन्ही रंग थोडं अंतर शेजारी शेजारी चालतात आणि मग सतलज तिला पोटात घेते.

चालक किन्नौरचाच. पूल ओलांडताना म्हणाला, "साब, वो चीन से आ रही है. ये अपनी पिती." 'अपनी' म्हणताना त्याने हॉर्नही वाजवला.

मला धक्का बसला तो नदीच्या दाराचा. फोटोंत पाहिलेली स्पीती म्हणजे किलोमीटरभर रुंद पात्र. इथे मात्र ती कड्याच्या फटीतून बाहेर पडते. एवढं मोठं खोरं आणि त्याला दार खिडकीएवढं? भाचीने गाडीतच खुलासा केला. वरच्या खोऱ्यातले खडक हिमालय उभा राहण्याआधी इथे असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाशी साचलेले, शेल आणि चुनखडी, तुलनेने मऊ. तिथे नदी पसरते. खाली रिओ पुर्गिल डोंगराजवळ ग्रॅनाइट आणि नाईस, कठीण. तिथे ती पसरू शकत नाही, फक्त खोल जाते. आमच्या खात्यात अशी जागा दिसली असती तर कुणीतरी तिथल्या तिथे धरणाची रेषा आखली असती. मीही मनात आखलीच.

पुढे रस्ता नदी सोडतो आणि 'का' गावाजवळच्या वळणांनी डोंगरावर चढत जातो. तासाभरात हजार मीटर. नाको ३,६०० मीटरच्या वर आहे. गाव छोटं, दगड-मातीची घरं, मधोमध तळं, आणि पाठीशी ६,८१६ मीटरचा रिओ पुर्गिल, हिमाचलातलं सर्वांत उंच शिखर. माझं डोकं ठणकायला लागलं होतं, तरी संध्याकाळी गावाच्या टोकाला गेलो. खाली नदी दिसत होती, जवळजवळ किलोमीटरभर खाली, करदोड्यासारखी. आवाजसुद्धा वर येत नव्हता.

जिथे उतरलो त्या घरातल्या म्हाताऱ्या आजींना सगळे आमा म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांना विचारलं, "आमा, नदीचं पाणी शेतीला घेता का?" नातवाने त्यांच्या भाषेत प्रश्न सांगितला. त्या हसायलाच लागल्या. नातू म्हणाला, "कह रही है, वो तो नीचे जाने वाला पानी है. हमारा ऊपर से आता है."

हे वाक्य पुढचे सहा दिवस माझ्या डोक्यात राहिलं.

दिवस दुसरा : नाको ते ताबो

मलिंगचा ढासळता उतार सकाळी लवकर पार केला. तिथे डोंगर वर्षानुवर्षं सरकतोच आहे, रस्ताही त्याच्याबरोबर सरकतो आणि सीमा सडक संघटना तो पुन्हा जागेवर आणते. नंतर चांगो, तिथली सफरचंदं. विकत घेतली, खाल्ली, आणि बाजारात मिळणाऱ्या सफरचंदांबद्दल कायमचं मत खराब करून घेतलं.

सुमडोला किन्नौर संपतं. इथे पारेछू नदी स्पीतीला मिळते. नकाशात ती बघण्यासारखी आहे. उगम स्पीतीतच, परांग ला खिंडीपाशी. तिथून ईशान्येकडे जाते, लडाखच्या कडेने तिबेटात शिरते, तिथे वळसा घेते आणि परत भारतात येऊन सुमडोला स्पीतीत पडते. म्हणजे आपलंच पाणी परदेश फिरून परत आपल्याकडे. २००४ साली तिबेटातल्या भागात दरड कोसळून या नदीवर बांध पडला आणि मागे तलाव साचला. महिनोन्‌महिने उपग्रहांवरून त्याच्यावर नजर होती. २६ जून २००५ला तो फुटला. पाण्याचा लोंढा पारेछूतून स्पीतीत, स्पीतीतून सतलजमध्ये गेला. पूल, रस्ते वाहून गेले, खालच्या जलविद्युत प्रकल्पाला फटका बसला. इशारा आधीच मिळाल्यामुळे माणसं हलवली होती. मी तेव्हा नोकरीत होतो. आमच्या उपविभागातल्या चहाच्या टेबलावर पेपर फिरत होता आणि साहेब म्हणाले होते, "बघा, सांडवा नसलेलं धरण असं जातं." सुमडोच्या पुलावरून पारेछूकडे बघताना तेच आठवलं. त्या दिवशी गुडघाभर पाणी असेल, गोट्यांमधून खळाळणारं, निरुपद्रवी.

सुमडोनंतर खोरं हळूहळू उघडतं. ताबो नदीच्या जुन्या पात्रावर, सपाट धक्क्यावर वसलंय. नदी खाली कापत गेली आणि तिचा आधीचा तळ वर राहिला, तो हा धक्का. त्यावर ९९६ साली बांधलेला मठ आहे. मातीच्या भिंती, बाहेरून आमच्याकडच्या धाब्याच्या घरांसारखा साधा. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावले की भिंती बोलायला लागतात. याला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. अजिंठ्याकडच्या मुलखातला माणूस म्हणून मी जरा आखडूनच आत गेलो होतो. तासाभराने बाहेर आलो तो आखडूपणा आतच ठेवून.

माती हजार वर्षं टिकली याचं श्रेय पावसालाच द्यावं लागेल, म्हणजे न पडणाऱ्या पावसाला. मोसमी ढग दक्षिणेकडच्या रांगांवरच रिकामे होतात. इकडे येतं ते मुख्यतः हिवाळ्यातलं पश्चिमी वाऱ्यांचं बर्फ. आता अवेळी पाऊस येतो आणि सपाट मातीची छपरं गळतात, असं मठाबाहेरच्या चहावाल्याने सांगितलं.

दिवस तिसरा : ताबो ते धनकर

आजचं अंतर तीसेक किलोमीटर, आणि हाच दिवस सगळ्यांत मोठा.

धनकर म्हणजे कड्यावरचा किल्ला. स्पीतीची ही जुनी राजधानी. मठ ज्या सुळक्यांवर उभा आहे ते खडकाचे नाहीतच. गोटे, वाळू, माती यांचा थर पावसा-वाऱ्याने कोरून उरलेले खांब आहेत. आमच्याकडच्या किल्ल्यांचा बसाल्ट डोक्यात असलेल्या माणसाला हे बघून धडकी भरते. मठाच्या गच्चीत पाचसहा जणांपेक्षा जास्तांनी एकदम जाऊ नये अशी पाटी आहे, आणि ती वाचल्यावर मी पाचवा आहे का सहावा ते मोजलं. २००६ साली जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या शंभर स्मारकांच्या यादीत त्याचं नाव आलं होतं.

गच्चीतून जे दिसतं त्यासाठी मात्र जीव थोडा टांगणीला लावायला हरकत नाही. खाली स्पीतीचं पात्र, किलोमीटरभर रुंद, करड्या गोट्यांचं. त्यात पाण्याच्या दहा-बारा दोऱ्या, एकमेकींत गुंतणाऱ्या, सुटणाऱ्या. समोरून, नैर्ऋत्येकडून पिन नदी येऊन मिळते. तिचं पाणी त्या दिवशी स्पीतीपेक्षा कमी वाटलं नाही. दर वर्षी बर्फ वितळताना नदी इतका गाळ-गोटा आणते की तो वाहून नेण्याइतकं पाणी तिच्यात नसतं. मग ती स्वतःचाच माल वाटेत टाकते, त्याला वळसा घालते, नवी दोरी पाडते. दोन्ही काठांना डोंगरांतून उतरलेले मातीदगडाचे पंखे, प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी एक. गावं नेमकी या पंख्यांवर. पात्रात एकही घर नाही, काठावर एकही पंप नाही.

मी गच्चीत उभा राहून सवयीने हिशेब केला. पात्रापासून शेतांपर्यंतची उंची कुठे पन्नास मीटर, कुठे तीनशे. वीज लावून पाणी चढवायचं तर पिकाच्या पैशात बिल निघणार नाही. आणि पात्रात बंधारा घालायचा तर एका हंगामात गाळाने भरेल. आमचा पांझरेचा फड आठवला. साक्रीपासून खाली नदीवर ओळीने दगडी बंधारे, प्रत्येकाचा पाट, पाटावर पाटकरी, फडातल्या सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. तिथे नदी माणसाच्या हाताच्या उंचीवर होती म्हणून ते जमलं. इथे नदी हातातून निसटलेली आहे.

दुपारी भाचीने मला संगमाच्या बाजूला काठावरच्या एका कापलेल्या भिंतीपाशी नेलं. रस्त्यासाठी कापलेली असावी. तिने पाण्याच्या बाटलीने थोडा भाग ओला केला आणि म्हणाली, "मामा, आता बघा."

पिवळट-करड्या मातीत रेघा होत्या. नखाएवढ्या जाडीच्या, काही त्याहून बारीक, एकावर एक, शेकड्यांनी, अगदी सरळ. मैदा आणि पिठीसाखर आळीपाळीने चाळून ठेवावी तशा. मला विचारायची गरजच नव्हती. धरणाचं पाणी उन्हाळ्यात तळाला गेलं की काठाशी जो गाळ उघडा पडतो, तो मी आयुष्यभर पाहिलाय. तो असाच असतो. वाहत्या नदीत अशी रेघ बसत नाही. त्याला थांबलेलं पाणी लागतं.

"इथे तलाव होता?" मी विचारलं.

"एक नाही. खोऱ्यात ठिकठिकाणी होते. दरड पडायची, नदी अडायची, मागे तळं साचायचं, कधीतरी ते फुटायचं."

तिने बोट थोडं खाली सरकवलं. एक वीतभर पट्टा असा होता की त्यात रेघा सरळ नव्हत्या. दुमडलेल्या, वळ्या पडलेल्या, मधेच गाठी झालेल्या, शेवया ताटात ओतल्यासारख्या. त्याच्या वर आणि खाली मात्र पुन्हा सगळं सरळ. "हा भूकंप," ती म्हणाली. तळ्याच्या तळाशी ओला गाळ असताना जमीन हादरली की तो असा घुसळला जातो. मग पुन्हा शांतपणे नवा गाळ बसतो. हा भाग कौरिक-चांगो या फॉल्टच्या, म्हणजे खडकांतल्या मोठ्या भेगेच्या, टापूत येतो. १९ जानेवारी १९७५चा किन्नौरचा मोठा भूकंप त्याच्यावरच झाला. ताबोच्या मठालाही तेव्हा इजा झाली होती.

मी तिथे बराच वेळ बसलो. २००५ला पेपरात वाचलेली पारेछूची बातमी म्हणजे या नदीचा नेहमीचा कारभार निघाला. आम्ही धरणाचं आयुष्य गाळावर मोजतो, शंभर वर्षं धरून चालतो. इथे तो हिशेब भिंतीवर कुणीतरी लिहून ठेवल्यासारखा होता, आणि मी नखाने चाळीस रेघांपर्यंत मोजून सोडून दिलं.

दिवस चौथा : पिन खोरं, मग काझा

अत्तरगूच्या पुलावरून पिनमध्ये वळलो आणि मुद गावापर्यंत जाऊन आलो. इथल्या डोंगरांचे रंग बघताना भाची चालकाला दर दोन मिनिटांनी गाडी थांबवायला लावत होती. जांभळा, हिरवट, मग एकदम पांढरा पट्टा. तो पांढरा म्हणजे 'मुथ क्वार्टझाइट', याच गावाच्या नावाचा. जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांना ठाऊक असलेलं हे गाव प्रत्यक्षात मूठभर घरांचं आहे. पुढे रस्ता नाही. पायी भाबा खिंड ओलांडली तर माणूस हिरव्यागार किन्नौरमध्ये उतरतो.

काझात ज्या हॉटेलात खोली सांगून ठेवली होती त्यांनी ती आदल्या दिवशीच दुसऱ्याला देऊन टाकली होती. रात्री नऊला दोन पाठपिशव्या आणि एक दगडांनी भरलेली गोणी घेऊन दारोदार फिरलो. शेवटी एका घरात जागा मिळाली. गोणीबद्दल घरमालकाने काहीच विचारलं नाही. बहुधा सवय असावी.

दिवस पाचवा : लांगझा

काझापासून तासाभराच्या चढावर, ४,४०० मीटरवर लांगझा. वर छाऊ छाऊ कांग नील्दा हे ६,३०३ मीटरचं शिखर, आणि गावाच्या टोकाला बुद्धाची मोठी मूर्ती, खोऱ्याकडे तोंड करून. जवाची कापणी होऊन पेंढ्या पडल्या होत्या. वाटाणे नुकतेच संपले होते. हिरवा वाटाणा हे इथलं नगदी पीक. मैदानात वाटाणा संपलेला असतो तेव्हा यांचा निघतो, म्हणून भाव मिळतो.

मी आलो होतो 'ऊपर से आने वाला पानी' बघायला. घरमालकांचा मुलगा बरोबर आला. गावाच्या वर, बर्फाच्या वितळाकडून येणाऱ्या ओढ्याला दगड लावून एक फाटा काढलेला. त्याला ते कुहल म्हणतात. मातीचा पाट, फार तर दोन फूट रुंद, डोंगराच्या अंगावरून समपातळीत आणलेला. लेव्हलिंगचं यंत्र नाही, तरी उतार इतका नेमका की पाणी ना साचतं ना माती खरडतं. गावाजवळ तो एका खड्ड्यात येतो, त्याला झिंग म्हणतात. रात्रभर पाणी साठवायचं, सकाळी तोंड उघडून शेतांकडे सोडायचं. तोंड म्हणजे एक चपटा दगड आणि गवताचा बोळा. मी वाकून तो बोळा हातात घेऊन पाहिला. ओल्या गवताचा, मातीत मळलेला, मुठीत मावेल एवढा. आमच्या मुख्य कालव्याच्या दाराला दोन माणसं आणि ग्रीसचा डबा लागायचा.

"पाळ्या कशा लावता?" मी विचारलं. त्याला पाळी हा शब्द कळला नाही, पण बोटं मोजून दाखवल्यावर चेहरा खुलला. पाण्याचा हक्क जुन्या मोठ्या घरांचा. ती गावाची पहिली घरं. बाकीच्यांनी त्यांच्याकडून घ्यायचं, बदल्यात काम करायचं, कुहल साफ करायला माणूस द्यायचा. घर आणि जमीन थोरल्याकडे जाते, धाकटे पूर्वी मठात जात. म्हणजे जमिनीचे तुकडे नाहीत आणि पाण्याचेही नाहीत. न्याय्य आहे का, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. पण आमच्याकडे शेवटच्या चारीवर पाणी न पोचल्याचे अर्ज मी स्वतः किती वर्षं फाइलला लावले ते आठवलं आणि गप्प बसलो.

आता बर्फच कमी पडतं, असं तो म्हणाला. काही वर्षी झिंग अर्धीच भरते.

परतताना वाटेत दोन लहान मुलं काळे गोटे घेऊन बसली होती. एक फोडलेला होता. आत गोगलगाईसारखं वळलेलं, कंगोरे असलेलं चक्र. ॲमोनाइट. पंधराएक कोटी वर्षांपूर्वी टेथिस समुद्रात पोहणारा प्राणी, आणि हा काळा खडक म्हणजे 'स्पीती शेल'. हे नाव देणारा फर्डिनांड स्टॉलिच्का १८६०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे इथे हिंडला होता. पुढे १८७४ला यारकंदहून परतताना काराकोरमच्या वाटेवर वारला. त्याचं स्मारक लेहला आहे. भाची हे सांगत होती आणि माझं लक्ष हातातल्या गोट्यावर होतं. आमच्या देवघरात आईचा शाळिग्राम आहे. तोच काळा रंग, तेच चक्र, तीच थंडगार तुळतुळी. तो गंडकीचा, नेपाळातला, पण तिथेही याच समुद्राचा तळ वर आलेला आहे. आई त्याला रोज आंघोळ घालायची. तो कधीकाळी समुद्रातच होता हे तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग त्यात नवल काय, विष्णू आणखी कुठे असणार?

मुलांकडून गोटा घेतला नाही. भाचीने तसं बजावलंच होतं. जीवाश्म उचलून नेले की डोंगर रिकामा होतो. तिच्या गोणीत मात्र दगड होते. ते साधे आहेत, असं ती म्हणाली. विश्वास ठेवला.

दिवस सहावा : की, चिचम, लोसर

की मठ सगळ्यांनी फोटोत पाहिलेला आहे, फोटोसारखाच दिसतो. पुढे किब्बर आणि चिचम या दोन गावांमध्ये एक घळ आहे. तिच्या कडेला उभं राहून खाली बघायला मी पोटावर झोपलो. दीडशे मीटर तरी असेल, आणि तळाला ओढा म्हणजे चांदीची तार. २०१७ साली इथे पूल झाला. त्याआधी माणसं तारेवरच्या पाळण्यातून दोर ओढत पलीकडे जात. एवढी घळ त्या तारेएवढ्या ओढ्याने कापली, हे पटायला वेळ लागतो.

चिचमनंतर रस्ता पुन्हा नदीच्या शेजारी येतो, आणि आता नदी आमच्या बरोबरीने चालते. क्यातो, हंसा. पात्र पसरट, गवताचे हिरवे-पिवळे तुकडे, याक. पहिल्यांदाच तिच्या पाण्याला हात लावता आला. बोटं बधिर झाली. लोसर हे शेवटचं गाव, चार हजार मीटरच्या वर. संध्याकाळी चुलीजवळ बसून सातूचं पीठ खाऱ्या लोणी-चहात कालवून खाल्लं. सातू म्हणजे आमचाच पदार्थ, फक्त आमच्यात गूळ. घरात मी गुळाची गोष्ट सांगितली, त्यांनी साखर आणून दिली.

दिवस सातवा : कुंझुम

चालकाने पहाटे पाचला उठवलं. पलीकडे चंद्रा खोऱ्यात रस्त्यावरून वाहणारे नाले आहेत. ते बर्फाचे, म्हणून सकाळी लहान असतात. ऊन चढलं की वितळ वाढतं आणि दुपारी गाडी अडकते. रोज चढ-उतार होणारी अशी नदी मी आमच्याकडे पाहिलेली नाही. आमच्या नद्या वर्षातून एकदा चढतात.

लोसरवरून कुंझुमकडे चढताना स्पीती ओढ्यांमध्ये सुटत जाते. मोठी दोरी दोन दोऱ्यांत, त्या आणखी लहान दोऱ्यांत. कुठल्या एकीला उगम म्हणायचं यावर वाद घालता येईल. मी एक निवडली. रस्त्याला अगदी लागून होती, हे कारण. काठाला रात्रीच्या बर्फाची पापडी.

खिशात टेप होताच. भाचीला पाच मीटर मोजून दोन दगड ठेवायला लावले. रुंदी नव्वद सेंटिमीटर. काठीने पाच ठिकाणी खोली घेतली, सरासरी बारा. मग वाळलेल्या गवताची काडी वरच्या दगडाशी सोडली. तिने मोबाइलवर सेकंद मोजले. सात. पुन्हा सोडली. पुन्हा सात. तिसऱ्यांदा काडी काठाला अडकली, ती धरली नाही. वरच्या पाण्याचा वेग तळापेक्षा जास्त असतो, म्हणून ०.८५ने गुणायचं. सेकंदाला पासष्ट लिटर, म्हणजे सव्वादोन क्युसेकच्या थोडं वर. आमच्याकडच्या दोन चाऱ्यांचं पाणी.

खिंड ४,५५१ मीटरवर. पताका फडफडत होत्या, वारा असा की टोपी धरून ठेवावी लागली. चालकाने रिवाजाप्रमाणे मंदिराला गाडीची प्रदक्षिणा घातली. मी गाडीच्या बॉनेटवर कागदी नकाशा उघडला. भाचीने चारी कोपऱ्यांवर तिचे दगड ठेवले, गोणी पहिल्यांदाच उपयोगी पडली. इथून पश्चिमेचं पाणी चंद्रेत. तांदीला तिला भागा मिळते आणि पुढे ती चिनाब होते. पूर्वेचं पाणी स्पीतीत, खाबला सतलजमध्ये, मग भाक्राच्या तलावात, मग पंजाबात. दोन बोटं दोन्हीकडून घसरत खाली नेली. ती पाकिस्तानात उच शरीफजवळ पुन्हा भेटली. तिथे चिनाब आणि सतलज एक होतात, नाव पंजनद, आणि ते पाणी सिंधूला जातं. खिंडीच्या माथ्यावर अंगठ्याएवढ्या अंतराने पडलेलं बर्फ एवढा फेरा मारून परत शेजारी येतं.

जुन्या सवयीने डायरीत रकाने आखले होते. ठिकाण, रुंदी, खोली, वेग, विसर्ग. शेवटचा रकाना उचल, म्हणजे तिथून कोणी किती पाणी घेतलं. चालक हॉर्न वाजवत होता. नाले चढतील, चला. मी पेन काढलं आणि आमच्या खात्यात लिहितात तसं लिहिलं : निरंक.